शून्य सावली दिवस

शून्य सावली दिवस म्हणजे ज्या दिवशी स्थानिक मध्यान्ही सूर्य निरीक्षकाच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे खस्वस्तिकाशी येतो आणि उभ्या वस्तूंची सावली त्यांच्या तळाखाली नाहीशी होते, असा दिवस होय. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक ठिकाणी हा दिवस वर्षातून दोनदा येतो. या दोन वृत्तांवर तो एकदाच येतो, तर त्यांच्या पलीकडे कधीच येत नाही. त्यामुळे संपूर्ण महाराष्ट्रात तो अनुभवता येतो, मात्र दिल्लीत अनुभवता येत नाही.

कारण

पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या लंबाशी सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे वर्षभरात सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या २३.४ अंश उत्तरेपासून तितक्याच दक्षिणेपर्यंत सरकताना दिसतो. सूर्याच्या या अंशात्मक स्थानास क्रांती म्हणतात. सूर्याची क्रांती आणि एखाद्या गावाचे अक्षांश समान झाले की तेथे शून्य सावली दिवस असतो. रोज दुपारी सूर्य डोक्यावर येतो, हा समज म्हणूनच बरोबर नाही. एरवी मध्यान्हीचा सूर्य खस्वस्तिकाच्या दक्षिणेस किंवा उत्तरेस असतो.

फुलंब्री येथील उदाहरण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील फुलंब्री हे तालुक्याचे गाव सुमारे २०.०९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे शून्य सावली दिवस २० मेच्या सुमारास आणि पुन्हा २२ जुलैच्या सुमारास येतो. लीप वर्षांच्या चक्रामुळे तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. जुलैमध्ये पावसाळी ढगांमुळे निरीक्षणाची संधी बहुधा हुकते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्याची क्रांती रोज सुमारे ०.२१ अंशाने वाढते. जमिनीवर हे अंतर उत्तरेकडे सुमारे २३ किलोमीटर होते. छत्रपती संभाजीनगर शहर फुलंब्रीच्या दक्षिणेस जवळपास तितक्याच अंतरावर असल्याने शून्य सावली तेथे एक दिवस आधी पोहोचते. जिल्ह्यात ती पैठणला १७ मे, शहरात १९ मे, फुलंब्रीला २० मे आणि सिल्लोडला २१ मेच्या सुमारास येते. जुलैमध्ये हा क्रम उलटा असतो. राज्यात अन्यत्र ती कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३ मे, मुंबईला १५ मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास येते.

मे ते जुलै या दोन दिवसांच्या दरम्यान फुलंब्रीत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला एक मीटर उंचीच्या काठीची सावली दक्षिणेस सुमारे ६ सेंटिमीटर असते, तर २२ डिसेंबरला ती उत्तरेस सुमारे ९५ सेंटिमीटर लांब असते.

नेमकी वेळ

सावली घड्याळातील बारा वाजता नाहीशी होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारित आहे, तर फुलंब्री सुमारे ७५.४ अंशांवर आहे. प्रत्येक अंशास ४ मिनिटे याप्रमाणे येथील मध्यान्ह सरासरी २८ मिनिटे उशिरा होते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि अक्ष कललेला असल्यामुळे यात आणखी थोडा फरक पडतो. परिणामी शून्य सावलीची वेळ मे महिन्यात सुमारे १२ वाजून २५ मिनिटे, तर जुलैमध्ये सुमारे १२ वाजून ३५ मिनिटे असते.

निरीक्षण

सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी, नळीचा तुकडा किंवा पाण्याची बाटली निरीक्षणास पुरेशी असते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब असल्याने सावलीची कड पुसट दिसते. आदल्या आणि नंतरच्या दिवशीही एक मीटरच्या काठीची सावली केवळ ४ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून लागोपाठच्या दोन-तीन दिवसांतील फरक नुसत्या डोळ्यांना सहसा जाणवत नाही. निरीक्षण करताना सूर्याकडे थेट पाहू नये.

पृथ्वीचा परीघ मोजणे

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस याने इजिप्तमधील सायीन आणि अलेक्झांड्रिया येथील मध्यान्हीच्या सूर्यस्थानांतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. हाच प्रयोग महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना करता येतो. फुलंब्रीत सावली शून्य असेल त्या दिवशी कोल्हापूरच्या स्थानिक मध्यान्ही एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेस सुमारे ५.९ सेंटिमीटर पडते, म्हणजे सूर्य तेथे खस्वस्तिकापासून सुमारे ३.४ अंश दूर असतो. दोन्ही ठिकाणांतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३७६ किलोमीटर आहे. त्यावरून ३६० अंशांचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो. येथे रस्त्याचे अंतर वापरल्यास उत्तर चुकते. दोन्ही गावांच्या अक्षांशवृत्तांमधील सरळ अंतरच घ्यावे लागते.

हे सुद्धा पहा

कर्कवृत्त
विषुवदिन
अयनदिन
भारतीय प्रमाणवेळ