अमेरिकेचा 'असाधारण क्षमता' व्हिसा: खेळाडूला नेमकं काय सिद्ध करावं लागतं?

घरातलं कपाट ढाली, पदकं आणि प्रमाणपत्रांनी भरलेलं असतं. पण त्यातलं अमेरिकेत काय चालतं? वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आणि जे चालतं, त्याचेही कागद बहुतेकांनी जपलेले नसतात.

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने ईबी-१ए हा वर्ग आणला. विज्ञान, कला, शिक्षण, व्यवसाय आणि खेळ या क्षेत्रांत अगदी शिखरावर पोचलेल्या मोजक्या लोकांसाठी तो आहे. यात नोकरी देणारी कंपनी लागत नाही, खेळाडू स्वतःच आय-१४० फॉर्म भरू शकतो. मंजुरी मिळाली की ग्रीन कार्डाचा रस्ता उघडतो, मात्र भारतात जन्मलेल्यांना त्यानंतरही रांगेत थांबावं लागू शकतं. काही काळ खेळायला जायचं असेल तर पी-१ए आणि ओ-१ए हे तात्पुरते व्हिसा वेगळे. त्यांचा अर्ज तिथली संस्था, क्लब किंवा एजंट करतो.

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत मिळवलं तसं ऑलिम्पिक पदक असेल तर तेवढी एक कामगिरीही पुरू शकते. बाकीच्यांना दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. त्यातले कलाप्रदर्शन, नाट्य-सिनेमाची कमाई असे काही खेळाडूच्या कामाचेच नाहीत. उरतात ते मुख्यतः पुरस्कार, निवडक संघाचं सदस्यत्व, माध्यमांतली दखल, पंच किंवा परीक्षक म्हणून केलेलं काम, नामांकित संघातली महत्त्वाची भूमिका आणि इतरांपेक्षा जास्त मानधन.

पुरस्कार राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळखला जाणारा हवा. तालुका आणि जिल्हा पातळीची प्रमाणपत्रं इथे बाजूलाच ठेवा. 'महाराष्ट्र केसरी'ची चांदीची गदा आपल्याकडे केवढी मोठी! पण फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ते नाव ऐकलेलंच नसेल, आणि स्पर्धा राज्याची आहे एवढंच त्याला दिसेल. म्हणून किती मल्ल उतरले, निवड कशी होते, राज्याबाहेर त्या किताबाची दखल कोण घेतं, हे कागदाने दाखवावं लागतं. कबड्डी-खोखोवाल्यांसाठी एक चांगली गोष्ट: ऑक्टोबर २०२४ पासून संघाला मिळालेला पुरस्कारही धरला जाईल, असं खात्याने स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय संघातली निवड सदस्यत्वाच्या निकषात मांडता येते.

बातम्यांच्या कात्रणांत सगळ्यात जास्त घोटाळा होतो. नियमाप्रमाणे मथळा, तारीख आणि लेखकाचं नाव लागतं. आपल्याकडे बातमीवर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असतं आणि कात्रण कापताना तारीखही उडते. त्यामुळे पेपरचं पूर्ण पानच ठेवा. बातमी मोठ्या माध्यमातली आणि खेळाडूबद्दलची हवी, निकालाच्या यादीत नुसतं नाव येऊन भागत नाही. आमच्यासारख्या जिल्ह्याच्या पोर्टलवरची बातमी या निकषात टिकणं अवघडच, हे मोकळेपणाने सांगितलेलं बरं. मराठी मजकुराचा पूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो, सोबत 'अनुवाद पूर्ण व अचूक आहे आणि मी तो करण्यास सक्षम आहे' असं अनुवादकाचं प्रमाणपत्र.

तीन निकष जुळले म्हणजे काम झालं, असं नाही. २०१० च्या कझारियन खटल्यानंतर तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी निकष मोजले जातात, मग सगळे पुरावे एकत्र ठेवून माणूस खरोखर शिखरावर आहे का आणि नाव टिकून आहे का, हे पाहिलं जातं. दहा वर्षांपूर्वीचं एकच पदक असेल तर इथे अडचण येते. 'गुणी खेळाडू आहे' छापाची शिफारसपत्रंही फारशी कामाला येत नाहीत. पत्र देणाऱ्याने कोणती लढत, कोणता विक्रम, त्याने काय बदललं, हे लिहायला हवं.

आता वस्तादांबद्दल. खेळणं सोडून अमेरिकेत कोच व्हायचं असेल तर खेळाडू म्हणून कमावलेलं नाव आपोआप चालत नाही. दक्षिण कोरियाच्या एका नामवंत बेसबॉलपटूला असाच नकार मिळाला आणि २००२ मध्ये कोर्टानेही तो कायम ठेवला. तुम्ही घडवलेले खेळाडू राष्ट्रीय पातळीवर काय करून आले, ते दाखवावं लागतं.

फी बदलत असते, ती यूएससीआयएसच्या साइटवरच पाहा. कायदेशीर सल्ला अमेरिकेत परवाना असलेल्या वकिलाचाच घ्या. 'प्रमाणपत्राचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दारातूनच परत पाठवा. खोटा कागद सापडला तर अर्ज जातोच, शिवाय अमेरिकेत प्रवेशाला कायमची बंदी येऊ शकते, आणि ती एजंटावर नाही, खेळाडूवर येते.