जुळी भावंडं की शेवटची पायरी?

मागच्या भागात पत्री सरकार ऐकलंत, आज त्याच दिवसांतला एक वाद. लेनिननं १९१६ साली मांडलं होतं, की साम्राज्यवाद म्हणजे भांडवलशाहीची शेवटची पायरी. राममनोहर लोहिया भूमिगत असताना 'मार्क्सनंतरचं अर्थशास्त्र' लिहीत होते. ते म्हणाले, पायरीबियरी नाही, दोघं जुळी भावंडं! वसाहती लुटल्या म्हणूनच तिकडची भांडवलशाही वाढली. मला लोहियांचंच पटतं.

हा वाद नुसता पुस्तकी नव्हता बरं का. १९४१ साली हिटलर रशियावर चालून गेला आणि कम्युनिस्टांच्या लेखी साम्राज्यवादी युद्धाचं 'लोकयुद्ध' झालं. म्हणजे इंग्रजांना युद्धात आडवं जायचं नाही. समाजवादी मात्र 'चले जाव'मध्ये उतरले.

आणि आपल्याकडं? ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे लुटली. साम्राज्य शेवटच्या पायरीवर आहे की पहिल्या, हे ठरेपर्यंत कुंडलची पोरं कशाला थांबतील?

गंमत पुढं आहे. त्यांचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून लोकसभेवर गेले, ते कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून! ती गोष्ट पुढच्या भागात.