नांदगावातला समुद्र : काचेच्या पेटीतल्या प्रवाळाचा इतिहास

आज आपण एका अगदी छोट्या समुद्राचा इतिहास पाहणार आहोत. हा समुद्र जेमतेम शंभर लिटरचा असतो आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर मावतो. घरगुती खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, आणि त्यातही प्रवाळाच्या खडकाचा देखावा असलेलं.

हा विषय नांदगावात काढायचा म्हणजे जरा गंमतच. मुंबई इथून रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरहून लांब. आपल्याकडे गोड्या पाण्याचीच मारामार, तिथे खारं पाणी कोण सांभाळणार? पण आम्हाला वाटतं, हा इतिहास इथेच जास्त चांगला समजतो. समुद्र किती कामं फुकटात करतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. ती कामं ज्याला स्वतःच्या हाताने करावी लागतात, त्याला ती कळतात. या छंदाची पावणेदोनशे वर्षं म्हणजे त्या कामांची माणसाला एकेक करून पटलेली ओळख आहे.

सुरुवात इंग्लंडमधून करू. 1845 साली तिथला काचेवरचा कर रद्द झाला आणि काच स्वस्त झाली. पुढच्याच वर्षी ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळाचे काही जिवंत नमुने लंडनला घरी आणले. समुद्र लांब, पाणी मागवून मागवून किती मागवणार? मग त्यांनी आहे तेच पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं. घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास हे काम करायची. लाटा पाण्यात हवा मिसळतात, ते लाटांचं काम त्या मुलीचे हात करत होते. आज पेटीत जो पंप अखंड घरघरत असतो, तो तिचा वारस. तिचं नाव मात्र इतिहासाने ठेवलेलं नाही. पुढे बाईंनी त्या पाण्यात समुद्री शैवालही सोडलं, आणि ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं जगले.

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा तोल सांभाळला तर पाणी टिकतं, असं मांडलं. 1853 च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. त्याच्या आदल्याच महिन्यात, 16 एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी धावली होती. तो लोहमार्ग पुढच्या दशकात नांदगावापर्यंत आला, आणि वेरूळची लेणी पाहायला जाणारे प्रवासी बराच काळ आपल्याच स्टेशनवर उतरत.

त्या मत्स्यगृहाशी जोडलेलं नाव म्हणजे फिलिप हेन्री गॉस. त्यांच्या 1854 च्या पुस्तकामुळे 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघर गेला. समुद्राचं पाणी मिळत नसेल तर मीठ आणि इतर क्षार मोजून घालून ते घरीच कसं करायचं, याची कृतीही त्यांनी दिली. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना दार उघडलं ते इथे.

पण त्याच दारातून नुकसानही आत आलं. लोक हातोडे आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी 1907 च्या आठवणींत लिहून ठेवलंय, की वडिलांनी प्रेमाने वर्णन केलेली खडकांतली डबकी या हौशी मंडळींनी उजाड करून टाकली, आणि वडिलांना त्याचं दुःख झालं. आवड लावणाऱ्यानेच तिची किंमत पाहिली. हा धागा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

समुद्राचं आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही, ते म्हणजे घाण पचवणं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइटचं नायट्रेट. 1890 च्या सुमारास सर्गेई विनोग्रादस्की यांनी हे जिवाणू वेगळे करून दाखवले. म्हणून नवी पेटी भरली की लगेच मासे सोडायचे नसतात. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. विरजण लागायला वेळ द्यावा लागतो, तसंच हे. 1961 मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर प्रवाळाची पेटी चालवून दाखवली. गाळण्याचं काम तो खडक आणि त्याच्यावरचे जिवाणूच करत होते.

आपल्याकडे 1951 साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला, सहलीच्या रांगेत उभं राहून. पण ते मत्स्यालय समुद्राच्या काठावर होतं. नांदगावच्या पेटीचं काय?

हिशेब करून पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पाच लिटर पाणी उडालं तर तेच साडेतीन किलो 95 लिटरमध्ये राहतं, आणि खारटपणा लिटरला 37 ग्रॅमच्या जवळ जातो. त्यामुळे उडालेलं पाणी भरून काढायचं ते गोड्याच पाण्याने. नवशिके इथे खारं पाणी ओततात आणि पेटी हळूहळू खारट करून टाकतात.

आता आपला उन्हाळा. पारा चाळिशी ओलांडतो, आणि पेटीतलं पाणी हवं 24 ते 27 अंशांच्या आसपास. फार तापलं तर प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. 1998 आणि 2016 मध्ये जगभरच्या समुद्रांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. घरात स्वस्त उपाय म्हणजे पाण्यावर पंखा लावणं. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग बेताचाच. आपल्या कोरड्या हवेत तो छान चालतो, माठ गार होतो त्याच न्यायाने. पण माठ पाझरतो, तशी पेटी आटते. एप्रिल-मेमध्ये दिवसाला दीड-दोन लिटर जातात. बोअरचं पाणी जड असतं, म्हणून आरओचं घालायचं, आणि घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. आठवड्याला दहा लिटर पाणी बदलायचं धरलं, तर वीस ते चोवीस लिटर शुद्ध पाण्यामागे चाळीस ते सत्तर-बहात्तर लिटर नुसतं मोरीत जातं. तालुक्यात गिरणा धरण आहे, तरी पाणी मोजून वापरणारा हा मुलूख. ते बाहेर पडणारं पाणी फरशीला, संडासाला वापरता येत नसेल तर हा छंद इथे करू नये, असं आम्ही स्पष्टच म्हणतो. आणि वीज गेली की हवा थांबते, म्हणून बॅटरीवरचा छोटा हवापंप आधी घ्यायचा, मासा नंतर.

आता गॉस यांच्या दुःखाकडे येऊ. भारतात 2001 मध्ये खडक बांधणारे सगळे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ आणि सगळे समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्याच अनुसूचीत वाघ आहे. दगडी प्रवाळ पकडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, मग तो जिवंत असो की मेलेला तुकडा. हे प्रवाळ काही परदेशातले नव्हेत. ते मालवणला आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात ज्या बुडीत पठाराला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे, त्या आंग्रिया बँकेवरही आहेत. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी 2020 मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या दारात प्रवाळ आहे.

मग घरच्या पेटीत राहतं काय? सिमेंटचा किंवा भाजलेल्या मातीचा खडक. त्यावर जिवाणू तितक्याच आनंदाने वस्ती करतात. आणि हॅचरीत जन्मलेली क्लाउन माशांची जोडी. या माशांच्या पैदाशीचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेच विकसित केलं आहे. दुकानात किंमत विचारण्याआधी विचारायचं, हा मासा जन्मला कुठे? दुकानदाराला सांगता आलं नाही, तर तो घ्यायचा नाही.

अशी पेटी बघून कोणी म्हणेल, यात खरा प्रवाळ तर नाहीच. बरोबर आहे. खरा प्रवाळ बघायला मालवणला जावं, पाण्यात डोकं घालून बघावा, हात न लावता, आणि तिथेच ठेवून यावा. घरच्या शंभर लिटरमध्ये लाट, वारा आणि जिवाणू यांचं काम रोज थोडं थोडं करत राहावं. आजच्यासाठी एवढंच.