थायलंडचा वास नेमका कुठला?

नीश परफ्यूम नावाचा एक महागडा छंद हल्ली आपल्या आयटीवाल्यांत बराच पसरलाय. छोट्या कंपन्या, छोट्या बाटल्या आणि पगाराला भगदाड पाडणारे भाव! त्यातच थायलंडच्या 'रोजच्या जगण्यावर' बेतलेली परफ्यूम्सही मिळतात. मोगरा, देवळातला धूर, वाफाळता भात वगैरे वगैरे. कल्पना छान आहे, पण मला पडलेला प्रश्न असा की रोजचं म्हणजे कुठल्या काळातलं रोजचं?

सुरुवात १६८७ पासून करू. चौदाव्या लुईचा वकील सिमाँ द ला लुबेर त्या साली सियामला गेला आणि १६९१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यात तो लिहितो की हे लोक दिवसातून तीन-चार वेळा अंघोळ करतात, अंगाला ठिकठिकाणी सुगंध लावतात, ओठांना सुद्धा सुगंधी मलम लावतात. तेव्हाच्या फ्रेंच दरबारात अंघोळीचं एकूण प्रस्थ काय होतं हे आठवलं, की ही नोंद वाचायला जास्त मजा येते. असो. मुद्दा असा की सुगंध तिथे अंघोळीचाच भाग होता. उकाड्यावरचा उपाय.

यातूनच येतं 'नाम ओप'. नाम म्हणजे पाणी, आणि ओप म्हणजे वास कोंडून मुरवणं. याची प्रोसेस मला जाम आवडली. पाणी सुगंधी साली आणि केवड्याच्या जातीतल्या पांदानच्या पानांबरोबर उकळायचं, गार करायचं, आणि मग त्याला चक्क धुरी द्यायची! त्यासाठी खास मेणबत्ती असते, 'थिअन ओप'. मेणात लोबान, चंदनाची पूड वगैरे घालून केलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली. दोन्ही टोकं पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि धूर निघत असतानाच भांड्यावर झाकण ठेवायचं. धूर पाण्यात उतरतो. हे पुन्हा पुन्हा करायचं. मग रात्रभर मोगऱ्याची फुलं. (आपण माठात वाळ्याची जुडी टाकतो आणि स्वतःला रसिक समजतो!) याच मेणबत्तीची धुरी थाई मिठायांनाही देतात, म्हणजे अंगाचा वास आणि खाण्याचा वास एकाच डब्यातून निघतो.

आता या लोबानाची गंमत बघा. फ्रेंच परफ्यूमवाले त्याला 'सियाम बेन्झॉइन' म्हणतात, पण तो येतो मुख्यतः उत्तर लाओसमधून. माल सियाममार्गे बाहेर जायचा म्हणून नाव सियामचं पडलं. म्हणजे सियामचा वास पॅरिसच्या बाटल्यांत आधीपासूनच होता, आणि तो धड सियामचाही नव्हता.

१८५५ मध्ये इंग्रजांबरोबर बाउरिंग तह झाला, आयातीवरची जकात ३ टक्क्यांवर बांधली गेली आणि विलायती माल सुरू झाला. विलायती सेंटमध्ये अल्कोहोल असायचं, त्यामुळे ते टिकायचं. थाई लोकांकडेही अल्कोहोल घातलेलं 'नाम प्रुंग' आहे. बिचारं नाम ओप मात्र पाणीच. लावा, गार वाटेल, उडून जाईल, पुन्हा लावा.

आज ते मुख्यतः सोंगक्रानला बाहेर निघतं. सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच, शब्द तोच, फक्त ही मेष संक्रांत, एप्रिलमधली. बुद्धमूर्तीला स्नान घालायचं, घरातल्या थोरांच्या हातांवर हे पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचे. २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत सोंगक्रानचं नावही लागलं. पण जी गोष्ट दिवसातून तीनदा लागायची ती वर्षातून तीन दिवसांवर आली, याचं मला वाईट वाटतं.

मग रोजच्या उकाड्याचं काय झालं? त्याचं उत्तर १९४७ मध्ये बँकॉकमध्येच निघालं: स्नेक ब्रँडची घामोळ्यांची पावडर, डब्यावर बाणाने विंधलेला साप. अंघोळ झाली की अंगभर थापायची, मिनिटभर फ्रीजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. जोडीला 'या दोम', म्हणजे हुंगायचं औषध: मेंथॉल, कापूर, निलगिरीची खिशातली नळकांडी. टॅक्सीवाला, कॉलेजची पोरगी, आजीबाई, सगळ्यांच्या नाकाला. ला लुबेर आज बँकॉकला उतरला असता तर त्याच्या वहीत मेंथॉलच आलं असतं.

पॅरिसमध्ये पिस्सरा उमविजनी या थाई बाईंचा दुसिता नावाचा ब्रँड आहे. दुसित म्हणजे पालीतला 'तुसित' स्वर्ग. त्यांच्या एका परफ्यूमचं नाव 'इस्सरा', थाईत अर्थ स्वतंत्र, आणि पालीतून मागे गेलं तर आपला 'ईश्वर'. नावं सुंदर आहेत, आणि बाई राजरोस स्वर्गाचंच नाव लावतात, त्यामुळे त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते खोक्यावर 'रोजचं जगणं' छापून आत फक्त मोगरा आणि देवळातला धूर भरणाऱ्यांशी. पावडरीचा वास त्यांना स्वस्त वाटतो बहुतेक. पण एप्रिलच्या दुपारी, चाळीस डिग्रीत, बसच्या गर्दीत शेजारच्या माणसाच्या शर्टातून येतो तो तोच.