गालिचा झाडण्याची कुळकथा

नागपूरच्या लकडगंजात ओंडका आरा मशीनवर चढला की एका बाजूला फळ्या निघतात आणि खाली भुशाची रास पडते. फळीला भाव असतो, पण भुशालाही गिऱ्हाईक असते. एके काळी कितीतरी घरांत भुशाची शेगडी पेटायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा आणि बाटली अलगद ओढून काढायची, म्हणजे आच वर यायला वाट तयार होई. कोंबड्या पाळणारे आजही भुसा अंथरायला नेतात. सराफ दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि भुशात घोळवून कोरडे करतात, कारण नक्षीच्या खाचेतले पाणी कापडापेक्षा भुसा चांगले ओढतो. हा शेवटचा उपयोग ध्यानात ठेवावा. गालिचा साफ करण्याच्या इतिहासात भुसा दोनदा येतो. एकदा तो घाण म्हणून येतो आणि एकदा घाणीवरचा उतारा म्हणून.

घाण म्हणून तो आला अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स या गावी. हे गावही लाकडाचेच. नदीकाठी आरागिरण्या होत्या आणि १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर तिथल्या फर्निचरचे नाव देशभर झाले. त्याच गावात मेलव्हिल आणि अ‍ॅना बिसेल या नवरा-बायकोचे चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. कपबशा भुशात बांधून खोक्यांतून यायच्या. खोके उघडले की भुसा दुकानातल्या गालिच्यावर सांडायचा आणि लोकरीच्या धाग्यांत रुतून बसायचा. केरसुणीने ओढावा तर तो आणखी खोल जाई. ढकलत न्यायची झाडणी यंत्रे त्याआधीही निघाली होती, पण या बारीक भुशापुढे ती टिकत नव्हती. मेलव्हिलने स्वतःचे यंत्र बांधले. यंत्र ढकलले की चाके फिरतात, चाकांबरोबर गोल ब्रश फिरतो आणि गालिच्यातला कचरा उचलून पोटातल्या डब्यात फेकतो. वीज नाही, मोटार नाही. १८७६च्या सप्टेंबरात त्याला पेटंट मिळाले. 

या कथेत अ‍ॅनाचे नाव मागे पडते, ते पडू नये. ब्रशांचे झुबके गावातल्या बायका घरी बसून बांधत, आणि ते टोपल्यांतून गोळा करून आणण्याचे काम ती करी. गावोगाव हिंडून यंत्र विकलेही तिने. १८८९मध्ये मेलव्हिल न्यूमोनियाने गेला आणि कारखाना तिने हाती घेतला. अमेरिकेत एवढी मोठी कंपनी चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. ज्या कामाला घरात कोणी काम म्हणत नव्हते, त्यावर तिने उद्योग उभा केला.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. १९०१मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ फुंकून उडवणारे यंत्र पाहिले आणि फुंकण्याऐवजी ओढून घ्यावी असे त्याच्या मनात आले. खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढली, तर रुमालाला धुळीचा थर चिकटला. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवरून न्यावे लागे. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतले गालिचे त्याच यंत्राने साफ झाले. घरात हाताने चालवता येईल असे विजेचे यंत्र ओहायोतल्या जेम्स मरे स्पँगलर या झाडूवाल्याने बनवले. त्याला दमा होता आणि रोजची धूळ सोसत नव्हती. पंखा, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून त्याने ते केले. १९०८मध्ये पेटंट झाले आणि पुढे ते हूव्हरच्या नावाने जगभर गेले. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने घरांपर्यंत पोहोचू लागले १९८२ नंतर. फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन गादीतली धूळ काढून दाखवू लागले.

तोवर आपल्याला अशा यंत्राची फारशी गरज पडली नाही, याचे कारण आपल्या बिछायतीत आहे. सतरंजी, दरी, जाजम ही सपाट विणीची आणि सुती. दोघांनी चार कोपरे धरून झटकावी, दोरीवर टाकून काठीने बडवावी, वाटल्यास धुवावी. तिला पृष्ठभागावर उभे राहणारे धागे नाहीत, म्हणून धूळ लपायला जागा नाही. उभ्या धाग्यांच्या गालिच्याचे तसे नसते. चपलेबरोबर आलेली वाळू धाग्यांच्या मुळाशी उतरते. तिच्या कणांना धार असते आणि वरून पाय पडला की ती धागा मुळातून कापते. गालिचा वापराने झिजतो असे म्हणतात, पण त्याला खरे झिजवते ती ही वाळू. म्हणून धुण्याआधी कोरडी धूळ काढणे महत्त्वाचे. तशीच पाण्याने भिजवली तर तिचा चिखल होतो, आणि नागपूरच्या जुलैत भिजलेला जाड गालिचा लवकर वाळत नाही. तागाची पाठ असेल तर तपकिरी डाग वर येतात, वासही राहतो.

इथे भुसा दुसऱ्यांदा येतो. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात गालिच्यावर चहाचा ओलसर चोथा पसरून मग झाडत. ओलसर भुशाचा उपयोगही असाच. ओल भुशाच्या कणात राहते, गालिच्यात उतरत नाही. धूळ त्या कणाला चिकटते आणि झाडताना उडत नाही. हलक्या साबणाच्या पाण्याने ओलावलेला भुसा ब्रशने चोळला तर तेलकट मळही थोडा उचलतो. आजही कोरड्या पद्धतीने गालिचे साफ करणाऱ्यांच्या पुडीत बहुधा हेच तत्त्व असते: लाकडाची किंवा तत्सम तंतूंची बारीक भुकटी आणि तिच्यात मुरवलेले थोडे द्रावण.

लकडगंजातून भुसा आणायचा तर लाकूड विचारून आणावे. सागाचा किंवा बाभळीचा भुसा ओला झाला की रंग सोडतो, फिक्या गालिच्याला तो नको. पाइनसारख्या फिक्या लाकडाचा, चाळलेला घ्यावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, एवढाच ओलावावा. आधी कोपऱ्यात करून पाहावे. अर्धा तास ठेवून केरसुणीने धाग्यांच्या कलाने झाडावा, मग यंत्र फिरवावे. कोरडा भुसा मात्र घरात उडवू नये. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये कर्करोगकारकांत घातले आहे, आणि आरा मशीनवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडावर चांगला मास्क असायलाच हवा.

लोकरीच्या गालिच्याचा आणखी एक शत्रू म्हणजे कसर. तिची अळी लोकर खाते. स्वच्छ सुती सतरंजीत तिला खायला काही नाही. तिला अंधार आणि शांतता लागते, म्हणून ती चालण्याच्या वाटेवर नसते, सोफ्याखाली आणि कपाटामागे असते. मे महिन्यात गच्चीवर गालिचा पसरला तर वरची बाजू हवेपेक्षा बरीच जास्त तापते आणि अळ्या, अंडी त्या उष्णतेत तगत नाहीत. दोन्ही बाजू तापवाव्यात, पण पाठ जास्त वेळ वर ठेवावी, कारण उन्हाने रंग उडतो. मग पाऊस पडायच्या आत सोफा सरकवून त्याखालची फरशी झाडावी आणि गालिचा फिरवून अंथरावा, म्हणजे वर्षभर अंधारात राहिलेला भाग उजेडात येईल.