कोहळींचा तलाव, धिवरांचे पाणी

वैनगंगेच्या खोऱ्यातील झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलुखात आणि त्यास लागून असलेल्या चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पूर्वभागात, मुलांना तलावावर मासे धरावयास नेण्याचा काळ अश्विन-कार्तिकाचा. आणि हा मुहूर्त कोणा हौशी माणसाने काढलेला नसून तो धानाच्या पिकाने काढून दिलेला आहे. हलके धान पावसाच्या पाण्यावर पिकून जाते, पण भारी धानास पाऊस सरल्यावर आणखी एका पाण्याची गरज लागते, आणि त्यासाठी तलावाचे तुडुम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, उघडले की पाटाने पाणी बांध्यांकडे धावते, तलावाची पातळी हळूहळू खाली जाते, पावसाळाभर गढूळ असलेले पाणी निवळते आणि चारी दिशांस पांगलेला मासा पाळीजवळच्या खोल भागाकडे सरकू लागतो. पुढे सरकारी शाळा निघाल्या तेव्हा दिवाळीची सुट्टीही नेमकी याच दिवसांत पडली, आणि दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडई नावाच्या जत्रेसाठी पाहुणे येत असल्याने घरी मासा आणणाऱ्या पोराचे कौतुकही याच दिवसांत अधिक झाले.

हे तलाव मात्र निसर्गाने दिलेले नव्हेत. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार तलाव आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचे श्रेय कोहळी नावाच्या एका लहानशा शेतकरी जातीकडे जाते. चांद्याचा कोणी गोंड राजा काशीयात्रेहून परतताना या लोकांना आपल्याबरोबर घेऊन आला, अशी त्यांची परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्यप्रांतातील जातीजमातींवरील आपल्या चतुर्खंडात्मक ग्रंथात नोंदविली आहे. दंतकथेचा भाग सोडून दिला तरी एवढे निश्चित की उसाच्या लागवडीचा नाद असलेल्या या लोकांना पाण्याची जी पारख होती ती अन्यत्र क्वचितच आढळेल. दोन टेकड्यांमधील घळ कोठे बुजविली असता पाणी ठरेल, जास्तीचे पाणी कोणत्या अंगाने सोडले असता पाळ फुटणार नाही आणि वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात कसा उतरवावा, हे ते कोणत्याही यंत्रावाचून जाणत. नवेगावबांधचा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला. डोंगरांमधील मोजक्या फटी बांधांनी बुजवून एवढे पाणी अडविण्याची त्याची युक्ती आजच्या अभियंत्यासही विचार करावयास लावील अशी आहे. लोकांनी पुढे त्या पाटलास देव करून टाकले आणि कोलासूर या नावाने त्याची पूजा होऊ लागली. इमारत बांधणाऱ्याचे नाव राहावे म्हणून शिलालेख कोरण्यापेक्षा हा मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो.

१८५३ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला, आणि त्याच दशकातील पहिल्या मोठ्या बंदोबस्तात, भोसल्यांच्या अमदानीत केवळ वसुलाचे काम पाहणाऱ्या पाटलांस सरकारने गावांचे मालक ठरवून टाकले. हेच मालगुजार, आणि त्यांच्यामुळेच हे तलाव आजही मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. बंदोबस्ताच्या कारकुनांनी गावोगावच्या रूढी वाजिब-उल-अर्ज नावाच्या दप्तरात लिहून घेतल्या: जंगलातील लाकूडफाटा, गुरांची चराई, गावठाणातील कामे, तलावाचे पाणी, ज्याचा त्याचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क. पाण्याची पाळी लावणाऱ्या पाणकरास गावाच्या व्यवहारात ठराविक स्थान होते. धीमर अथवा धिवर या जातीचा तलावाशी असलेला संबंध मात्र बहुधा पैशाच्या बोलीने बोलला गेला: मासळीचा ठेका, शिंगाड्याचा ठेका, मालगुजाराचा हिस्सा. पालखी वाहणे, घरोघरी पाणी भरणे, मासे धरणे आणि तलावात शिंगाडे लावणे, इतके व्यवसाय या एका जातीकडे होते, आणि त्यांतील शेवटचे दोन तरी अशा ज्ञानावर उभे होते की जे कोणत्याही कारकुनास कागदावर उतरविता आले नसते, आणि उतरविण्याची आवश्यकताही त्यास वाटली नाही.

हे ज्ञान मुलाच्या अंगी मुरत असे ते कसे, हे पाहावयाचे असल्यास तलावाच्या आधी बांधीवर जावे लागते. पावसाळ्यात ओढ्यापाटांनी चढून आलेला लहान मासा धानाच्या उभ्या पाण्यात वाढलेला असतो, आणि अश्विनात शेतकरी बांधीचे पाणी काढण्यासाठी धुरा फोडतो तेव्हा त्या खाचेच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा एक छोटा सापळा बसवून देणे, एवढे काम पाचसात वर्षांच्या पोरालाही जमते. सकाळी त्यात बोटाएवढे मासे आणि मूठभर झिंगे सापडले की तो पहिल्या परीक्षेस उतरला. त्यानंतर आजा त्यास तलावाच्या काठी नेतो. काठी बांबूची, दोरीला मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा, गळाला गांडूळ. सामग्री एवढीच, आणि नवशिक्याची सारी दृष्टी त्या तरंगत्या तुकड्यावर खिळलेली. आज्याचे म्हणणे मात्र निराळे असते: "पानी पाय बाबू, काडी नोको पाऊ." कारण मरळीसारखा मासा केवळ कल्ल्यांवर जगत नाही; त्यास मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. शरदातील निवांत सकाळी तो असा वर आला की पाण्यावर एक बारीकसे वलय उठते आणि विरते. ते वलय बेडकाचे की मरळीचे, मरळीचे असल्यास ती कोणत्या दिशेस वळली, आणि पुन्हा वर येईपर्यंत गळ कोठे टाकावा, हे ज्यास कळले त्यास काडीकडे पाहण्याची आवश्यकता फारशी उरत नाही. पावसाळ्यात याच मरळीच्या पिलांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठाशी खेळत असतो आणि खाली आईबाप राखण करीत असतात.

शिंगाड्याच्या वेलाचे ज्ञानही असेच अंगी मुरते. फळ तोडावयाच्या हंगामात मूल डोंग्यात बसून बरोबर जाते, आणि काटेरी फळ बोटाला कसे टोचणार नाही हे शिकता शिकताच त्यास वेलाखालच्या सावलीत कोणता मासा थांबतो हेही कळून जाते. ही दोन कामे वेगळी नाहीत, असे तलावावरील माणूस मानतो. सरकारी ठेक्याच्या कागदावर मात्र त्यांची नोंद दोन स्वतंत्र बाबींत होत असे.

मासेमारी हा ज्यांच्या दृष्टीने विनोद, म्हणजे करमणूक होता, त्यांची परंपराही आपल्याकडे थोडी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे एक प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी आणि गळ यांचे त्यात तपशीलवार विवेचन आहे. मराठी पद्यांच्या ओळी आढळतात म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासकारांना प्रिय असलेला हा ग्रंथ माशांच्या अभ्यासकांनाही तेवढाच प्रिय व्हावा, असे त्याचे मोल आहे. १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध झालेले एच. एस. थॉमस या गोऱ्या अंमलदाराचे भारतातील गळमासेमारीवरील पुस्तकही त्या विषयावरील पुढील पिढ्यांच्या साहेबलोकांचे मार्गदर्शक ठरले. राजा असो वा अंमलदार, काठावर त्याच्या शेजारी कोणी तरी स्थानिक जाणता माणूस बसलेला असणार. माशांच्या इतक्या सवयी महालात अगर कचेरीत बसून कळत नाहीत. पण ग्रंथ ज्याच्या नावावर तोच जाणकार ठरतो, आणि जाणत्याचे ज्ञान त्याच्या नातवापलीकडे कोणास ठाऊक होत नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तत्कालीन मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने गावांबरोबर तलावही सरकारजमा झाले. पुढे विदर्भ १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि लहान तलाव जिल्हा परिषदांच्या हवाली झाले. मालगुजारास पाळ दुरुस्त ठेवण्यात स्वार्थ होता, कारण त्याचे स्वतःचे धान त्याच पाण्यावर पिके. सरकारी कचेरीस तेवढा स्वार्थ असणे शक्य नव्हते, आणि तलावांत गाळ साचू लागला. मासेमारीचा हक्क मात्र आता धिवरांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने येऊ लागला, हा त्या काळाचा खरा लाभ म्हणावा लागेल. त्याच सुमारास, १९५७ साली, मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या टोचणीने कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा करून आगगाडीने दूरवर न्यावे लागणारे मत्स्यबीज त्यामुळे पुढे जागोजागच्या केंद्रांत निपजू लागले, आणि झाडीपट्टीच्या तलावांत रोहू, कतला व मृगळ यांचे राज्य सुरू झाले. हे मासे जाळ्याने धरावयाचे, वजनावर विकावयाचे आणि ठेक्याची रक्कम भागवावयाची. गळ घेऊन काठाशी बसलेल्या आज्याच्या विद्येस या हिशेबात जागा राहिली नाही. पोरगा शाळेत जाऊ लागला होताच. त्यात दोष कोणाचा हा प्रश्न मला निरर्थक वाटतो, कारण त्यास वाचता यावे ही इच्छा प्रथम आज्याचीच होती.

नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाने या तलावाची वाट महाराष्ट्रातील वाचकांस दाखविली. प्रशिक्षित वनाधिकारी शिष्य झाला आणि गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखी माणसे गुरू झाली, हा उलटा क्रम त्या पुस्तकाचे खरे सौंदर्य आहे. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यानंतर तेथे शहरांतून येणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली, आणि दिवाळीच्या सुट्टीत वाटाड्याबरोबर मुलांना पाखरे व पाणी दाखविण्याची नवी रीत पडली.

अलीकडे गोंदिया-भंडाऱ्यातील काही मच्छीमार संस्थांनी मात्र हिशेबाची दुसरी बाजूही मांडली आहे. तलावांत बेशरम नावाचे झुडूप माजले, पाणवनस्पती नाहीशा झाल्या आणि स्थानिक मासा घटला, हे त्यांच्या वृद्धांनी प्रथम सांगितले. कोणती वनस्पती पूर्वी कोठे होती आणि कोणता मासा तिच्या आश्रयाने अंडी घालीत असे, याची माहितीही त्यांच्याकडेच निघाली. त्यांच्या सांगण्यावरून बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम काही तलावांत झाले आहे. या कामात स्त्रिया पुढे आहेत, कारण मासा बाजारात बसून विकण्याचा आणि गिऱ्हाइकाने मरळ मागितली असता ती आता मिळत नाही असे सांगण्याचा प्रसंग प्रत्यही त्यांच्यावरच येत असे.