हृच्छूलाची ओळख

हृदयाचा विकार यंत्रावांचून ओळखतां येत नाहीं, अशी समजूत आज सुशिक्षित घरांतूनहि रूढ झाली आहे. या विकाराचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. त्याचें मुख्य पूर्वचिन्ह प्रथम नीट नोंदलें गेलें, त्या काळीं वैद्याच्या हातीं छाती ऐकण्याची साधी नळीहि आली नव्हती.

लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यसंस्थेपुढें ता. २१ जुलै १७६८ रोजीं डॉ. विल्यम हेबर्डन यांनीं एक लहानसा निबंध वाचला. १७७२ मध्यें तो छापून निघाला. त्यांत वर्णिलेल्या विकारास त्यांनीं ‘अँजायना पेक्टोरिस’ असें नांव दिलें. आपण त्यास हृच्छूल म्हणतों. रोगी चालत असतां, विशेषतः चढ चढतांना व जेवणानंतर लौकरच, छातींत अशी कळ येते कीं ती वाढली तर प्राण जाईल असें त्यास वाटतें. परंतु तो उभा राहिला कीं सारें क्षणांत नाहींसें होतें. कांहीं काळ लोटला म्हणजे ती तितक्या सहज थांबत नाहीं, आणि अखेरीस अंथरुणांतहि गांठते. आमच्या मतें या वर्णनाचें सारें सामर्थ्य दोन प्रश्नांत आहे: कळ केव्हां येते, आणि कशानें थांबते?

तिचें कारण मात्र हेबर्डन यांस उमगलें नाहीं. तो धागा सांपडला एडवर्ड जेनर यांस. देवीच्या लशीमुळें त्यांचें नांव आपल्याकडेहि सुपरिचित आहे. अशा एका मृत रोग्याचें हृदय कापीत असतां त्यांचें शस्त्र कांहीं कठीण पदार्थावर घासलें. जुन्या छताचा चुना पडला कीं काय, म्हणून त्यांनीं वर पाहिलें. पण कठीण झाल्या होत्या त्या हृदयासच रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या!

हा शोध जेनर यांनीं छापला नाहीं. त्यांचे गुरु, प्रख्यात शस्त्रवैद्य जॉन हंटर, यांना हाच विकार जडला होता, आणि त्यांच्या मनास धक्का बसूं नये अशी शिष्याची इच्छा होती. ता. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं सेंट जॉर्ज इस्पितळांत भरलेल्या सभेंत वादावादी झाली आणि तेथेंच हंटर यांचा अंत झाला. शवपरीक्षेंत त्यांच्याहि वाहिन्या तशाच आढळल्या. जेनर यांची हकीकत जगापुढें आली ती १७९९ मध्यें, कॅलेब पॅरी यांच्या ग्रंथांतून.

जेनर यांचें तें मौन क्षम्य होतें. त्या काळीं सांगून उपयोग नव्हता. १८६७ मध्यें लॉडर ब्रंटन यांनीं ही कळ शमविणारें औषध दाखविलें. १९१२ मध्यें शिकागोच्या जेम्स हेरिक यांनीं सिद्ध केलें कीं वाहिनी अकस्मात् बंद झाली तरी मृत्यु तत्काळ येतोच असें नाहीं. आज बंद वाहिनी पुन्हां खुली करतां येते, मात्र वेळेवर. मौनाची सबब आतां उरली नाहीं.

तरीहि तें आपल्या घरांत नांदतेंच आहे. जिना चढतांना वडील मध्येंच थांबतात, ‘पित्त झालें’ म्हणतात. थांबल्यावर बरें वाटतें, म्हणून गोष्ट तेथेंच संपते. वस्तुतः थांबतांच बरें वाटणें, हीच तर हेबर्डन यांनीं सांगितलेली खूण! आणि आईच्या तक्रारीकडे तर कोणाचें लक्षच जात नाहीं. हेबर्डन यांनीं पुढें पाहिलेल्या सुमारें शंभर रोग्यांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या. पण त्या आंकड्यावर विसंबणें आज घातक ठरेल. स्त्रियांत, वृद्धांत व मधुमेह्यांत कळीऐवजीं नुसता दम लागणें, मळमळ वा नेहमींपेक्षां निराळा थकवा एवढेंच दिसूं शकतें. कोणास छातीवर नुसतें ओझें वाटतें, तर कोणाच्या जबड्यांत, पाठींत वा हातांत दुखतें.

श्रमानें येणारी व विसाव्यानें जाणारी अशी कोणतीहि पीडा थोडक्याच दिवसांत वैद्यास सांगावी. ती वाढूं लागली तर एक दिवसहि दवडूं नये. विसाव्यानेंहि न थांबणारी, घाम फोडणारी असेल, तर सकाळची वाट न पाहतां रुग्णवाहिका बोलवावी; महाराष्ट्रांत त्यासाठीं १०८ हा दूरध्वनि क्रमांक आहे. घरच्यांस काळजी नको म्हणून गप्प राहणें, हें त्यांना फार महाग पडणारें सौजन्य आहे.